निवांत आणि बेफाम

४ मार्च

धाकट्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची सवय आहे. हात तिकडेच चालला होता, आवरला. शेवटी उरले तर लिहीन.

तुझ्या ब्लॉगवरचा तो लेख काढून टाक, 'माझ्या मुलाचे अडखळते दिवस' नावाचा. लेख एक वेळ राहिला तरी चालेल, लोक वाचतात आणि विसरतात. पण त्याच्या खाली चिमण सात वर्षांचा असतानाचं जे रेकॉर्डिंग लावलं आहेस, ते पत्र मिळेल त्याच दिवशी काढ. हातातला कप खाली ठेवून काढ.

फोन का नाही केला, असं म्हणशील. फोनवर मला तुझ्यावर रागावताच येत नाही. मी वाक्य सुरू करतो आणि ते तू पुरं करतोस, आणि पुरं करताना त्यातला राग काढून घेतोस. दहा मिनिटांनी मीच तुझी समजूत घालत असतो. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

गेल्या शनिवारी संध्याकाळी चिमणचा सामना होता. तुला हे सगळं माहीत असल्यासारखं तू लिहितोस, पण माहीत नाही, म्हणून सांगतो. दोन पोरं मंचावर समोरासमोर उभी राहतात. मागे ठेका वाजतो. एकाने यमकं जुळवून दुसऱ्याची यथेच्छ नालस्ती करायची, मग दुसऱ्याने त्याची. ज्याला टाळ्या जास्त, तो जिंकला. शेवटी दोघं मिठ्या मारतात. मला ते गाणं वाटत नाही, नळावरचं भांडण वाटतं, फक्त तालात केलेलं. पण पोरगा तिथे घडाघडा बोलतो, एकदाही अडत नाही, म्हणून मी दर वेळी जाऊन शेवटच्या रांगेत बसतो. त्या सभागृहाच्या खुर्च्यांच्या गाद्या माझ्याच दुकानात नव्याने भरल्यात, त्यामुळे बसायला तरी बरं वाटतं.

पहिली फेरी चिमणने चांगली मारली. मग समोरच्याची पाळी आली. तो म्हणाला, "याचं खरं गाणं ऐकायचंय?" आणि खिशातून फोन काढून त्याने माईकला लावला. तुझं रेकॉर्डिंग. सात वर्षांचा मुलगा स्वतःचं नाव सांगायला धडपडतोय. पहिलं अक्षर, परत पहिलंच अक्षर. लोकांना आधी कळेना. मग कळलं आणि हसू फुटलं. मग मागच्या पोरांनी तेच अक्षर ठेक्यावर घ्यायला सुरुवात केली.

चिमणने माईक खाली ठेवला. आपटला नाही, झोपलेलं मूल ठेवावं तसा ठेवला. खाली उतरला आणि चालत घरी आला, मी मागे मागे. तेव्हापासून त्याच्या तोंडून शब्द नाही. जेवायला बोलावलं की येतो, दुकानात सांगितलेलं काम करतो, विचारलं तर मान हलवतो. तुझी वहिनी म्हणते, "घरात एक मुका झालाय आणि एक नुसता चडफडतोय. मी काय भिंतीशी बोलू?"

त्या पोराला रेकॉर्डिंग मिळालं कुठून? तू दिलंस. लेखाच्या शेवटी तूच लिहिलंस की, 'हाच मुलगा आज बेफाम या नावाने रंगमंच गाजवतो आहे, मला त्याचा अभिमान आहे.' वैऱ्याला नुसतं हत्यार नाही दिलंस, पत्ताही दिलास, आणि तोही अभिमानाने. असली चूक जगात दुसरा बाप करणार नाही.

आणि ते रेकॉर्डिंग बोलण्याच्या उपचारांच्या बाईंसाठी केलेलं होतं. तू लिहितोस, 'मी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसायचो.' कोण बसायचं ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. चिमणची आई आता सांगायला नाही, एवढंच. ती गेली, तू दूरची नोकरी धरलीस आणि "दादा, वर्षभर सांभाळ" म्हणून पोर माझ्याकडे ठेवलंस. ते वर्ष अजून चालू आहे. पोरगा एकोणीस वर्षांचा झाला.

सकाळी देवापुढे बसतो तेव्हा हल्ली डोळे मिटले की तू दिसतोस. देवाची जागा तुला द्यायची माझी मुळीच इच्छा नाही. म्हणून मनात साठलेलं इथेच ओततो.

एक गंमत सांगतो. तू ब्लॉगवाला आणि तो रॅपवाला. तुला त्याचा धंदा उथळ वाटतो आणि त्याला तुझा रटाळ वाटतो. मी दोघांना जवळून पाहिलंय, आणि तुम्ही एकाच ताग्यातून फाडलेले तुकडे आहात.

दोघांनी आईबापांनी ठेवलेलं नाव टाकलं. तू झालास 'एक निवांत माणूस' आणि तो झाला 'बेफाम'. तुझ्याइतका घायकुत्या माणूस मी पाहिला नाही, आणि तो बेफाम रस्ता ओलांडताना अजून काकूचा हात शोधतो. त्याची ओळ 'मी' पासून सुरू होते, तुझी 'मला वाटतं' पासून. तो गळ्यात साखळी घालून फोटो काढतो. ती नकली आहे, घामाने मान हिरवी होते. तू पुस्तकांच्या कपाटापुढे बसून काढतोस. त्यातली दोन मी दिलेली आहेत, अजून कोरी करकरीत आहेत. तो म्हणतो, मी रस्त्यावर वाढलो. माझ्या घरात पंख्याखाली, दूध पिऊन वाढला. तू म्हणतोस, एकांताने मला घडवलं. एकांत तू स्वतः तिकीट काढून विकत घेतलास.

दोघांना शत्रू आहेत. त्याच्या गाण्यात ते 'जळणारे' असतात, तुझ्या लेखात 'काही लोक'. मी त्या लोकांना शोधतोय, मला त्यांच्याशी मैत्री करायची आहे. त्याची एकच ओळ चार वेळा येते, त्याला तो ध्रुवपद म्हणतो. तुझा एकच मुद्दा चार परिच्छेदांत येतो, त्याला तू चिंतन म्हणतोस. तो शेवटी ओरडतो, "हात वर!" आणि तू लिहितोस, 'तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.' भीक एकच, फक्त कटोरे वेगळे.

फरक एकच आहे. तो वाईट बोलला तर समोर बसलेल्यांची तोंडं त्याला दिसतात. तू घरात सपाता घालून बसलेला असतोस.

काढून टाक.

दादा

आशीर्वाद उरले नाहीत.


१९ मार्च

धाकट्या,

माझं पत्र तू छापलंस.

मला हे कसं कळलं ते ऐक. दातांचे डॉक्टर त्यांच्या दवाखान्यातला बाकडं भरायला घेऊन आले. रेक्झिनचे रंग दाखवत होतो. ते रंग सोडून माझ्याकडेच बघत राहिले. म्हणाले, "ताग्यातून फाडलेले तुकडे! तुम्हीच ना ते? काय लिहिलंय हो!" मला वाटलं माणसाला ताप आहे. मग त्यांनी फोन काढून दाखवला. वरती मोठ्या अक्षरात 'मोठ्या भावाचं रागावलेलं पत्र', खाली माझं अख्खं पत्र आणि बाजूला आपण दोघं लहानपणी गावच्या शाळेच्या पायरीवर बसलोय तो फोटो. 'आशीर्वाद उरले नाहीत' ही ओळ तू लाल रंगात टाकलीस. मी काळ्या शाईत लिहिली होती.

ब्लॉगवाले आणि रॅपवाले यांची तुलना लोकांना फारच आवडली म्हणे. खालच्या प्रतिक्रिया डॉक्टरांनी वाचून दाखवल्या, मी नको नको म्हणत असताना. 'तुमचे बंधू किती ओघवतं लिहितात!' 'दादांनी स्वतःचा ब्लॉग सुरू करावा.' 'भाऊ असावा तर असा.' एक बाई म्हणतात, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. एकानेही विचारलं नाही की तो मुलगा बोलला का.

आणि तुझं त्यावरचं भाष्य! 'दादाचा राग म्हणजे प्रेमाचंच दुसरं रूप.' नाही. माझा राग हे रागाचंच रूप आहे. त्याला दुसरा सदरा घालू नकोस. फोनवर करायचास तेच इथेही केलंस. माझं वाक्य मी पुरं केलं होतं, तू ते पुन्हा पुरं केलंस.

रेकॉर्डिंग? ते तर तू काढलंच नाहीस. उलट कौल घेतलास. 'रेकॉर्डिंग ठेवावं की काढावं? वाचकांनी सांगावं.' अरे, पोरगा तुझा की वाचकांचा? उद्या त्याला ताप आला तर औषध द्यावं की नाही यावरही मतदान घेशील. बहुमत ठेवावं म्हणतं म्हणे, कारण ते 'प्रेरणादायी' आहे. माझ्या घरात ज्याला प्रेरणा मिळायची तो गेल्या पंधरवड्यात एक शब्द बोललेला नाही.

तुझ्या वहिनीला हे सांगितलं. ती म्हणाली, "भावजींना म्हणावं, माझंही मत धरा. आणि ते कुठे घालायचं ते मी येऊन दाखवते."

तू हेही पत्र छापशील अशी शंका आहे, म्हणून दोन ओळी त्या मंडळींसाठी. वाचकहो, हे दुसऱ्याचं पत्र आहे. आपल्या घरी असं पत्र चुकून आलं असतं तर तुम्ही ते न उघडता परत दिलं असतं, तुम्ही चांगल्या घरातले आहात. मग इथे काय करताय? जा, आपापल्या भावाला पत्र लिहा.

धाकट्या, आपल्या गुरुजींची एक सवय आठव. पोरगं फळ्यापुढे अडलं की बाकीचे हात वर करून "मी सांगू, मी सांगू" करायचे. गुरुजी म्हणायचे, "हात खाली. तो सांगतोय." पोरगं तर काहीच सांगत नसायचं, नुसतं उभं असायचं. तरी ते म्हणायचे, तो सांगतोय. तुझा हात सगळ्यात आधी वर जायचा. तो अजून खाली आलेला नाही.

रेकॉर्डिंग काढ.

दादा


११ एप्रिल

धाकट्या,

तुझं उत्तर आलं, पहिल्यांदाच कागदावर. त्याबद्दल बरं वाटावं असं मी ठरवलं होतं. चार पानं वाचली, चारही तुझ्याबद्दल आहेत. तुला किती लागलं, तुझी झोप कशी गेली, वाचक कसे दोन गटांत विभागले गेले. चिमणचं नाव एकदा आहे, तेही 'चिमणच्या निमित्ताने' असं. रेकॉर्डिंग 'तूर्तास' ठेवलंस, असंही आहे. तूर्तास!

मी इथे बारीक खिळे तोंडात धरून काम करतो. ही सवय बरी, तोंडात खिळे असले की माणूस बोलत नाही. पण त्यामुळे ऐकू मात्र चांगलं येतं. मंगळवारी दुपारी एका कोचाचे पट्टे ताणत होतो. चिमण मागच्या खोलीत फोम कापायला गेला होता. मागून आवाज आला. आधी ठेका, मग शब्द. वाटलं, कुठलं तरी गाणं लावलंय. मग शब्द ओळखीचे वाटायला लागले.

"वैऱ्याला नुसतं हत्यार नाही दिलंस, पत्ताही दिलास!"

माझं पत्र. पोरगा तुझ्या ब्लॉगवरून माझं पत्र उतरवून ठेक्यावर म्हणत होता. भीक एकच, फक्त कटोरे वेगळे, हे त्याचं ध्रुवपद झालं होतं. चार वेळा. खिळे गिळायचे राहिले, ही देवाची कृपा.

मी उठून गेलो. इतके दिवस हा मुलगा बोलावा म्हणून सकाळ-संध्याकाळ देवाला विनवत होतो, आणि तो बोलतोय हे ऐकून काय केलं असेल मी? चिडलो. म्हटलं, "माझ्या पत्राला हात लावलास कुणाला विचारून?"

तो थांबला. मग बोलला, ठेक्याशिवाय. फार वेळ लागला. तो कसा बोलला ते मी इथे अक्षरं तोडून लिहिणार नाही. त्याचं अडखळणं ही कागदावर काढून दाखवायची वस्तू नाही. ती तू केलीस. मी फक्त काय म्हणाला ते लिहितो.

म्हणाला, "काका, एकही शिवी न देता एवढ्या शिव्या कशा देता हो तुम्ही?"

मी म्हटलं, "विषय बदलू नकोस. तुझा बाप माझं पत्र छापतो आणि तू गातोस. मी काय सार्वजनिक नळ आहे? येईल त्याने तोंड लावावं?"

"हे पण घेऊ का गाण्यात?"

"चिमण!"

तेवढ्यात तुझी वहिनी दारात येऊन उभी राहिली. तिने पोराचा आवाज ऐकला होता. माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, तो बोलतोय आणि तुम्ही त्याला गप्प करताय? बुद्धी गहाण पडलीय का?" मग त्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि तो हात तिथेच ठेवून उभी राहिली. मी खिळ्यांची डबी उगाचच झाकली आणि उघडली.

आता महत्त्वाचं. मी त्याला विचारलं, लोक हसले ते इतकं लागलं का रे? समोरासमोर आईवरून शिव्या खाणारी पोरं तुम्ही, हसण्याने काय होतंय? तो म्हणाला, हसण्याचं काही नाही. हसले तेव्हा त्याच्या डोक्यात उत्तर तयारही झालं होतं. ओळ जुळली होती, तोंड उघडायचं तेवढं बाकी होतं. तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्ये आई बोलली.

मला हे माहीत नव्हतं. सभागृहात मागच्या पोरांच्या गलक्यात पुढचं मला ऐकूच आलं नाही, आणि नंतर ते रेकॉर्डिंग मी कधी लावलंच नव्हतं, ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. तेव्हा आम्ही तिघांनी ते ऐकलं, दुकानाचं शटर अर्धं ओढून. मुलगा अडतो, परत अडतो, आणि मागून ती म्हणते, "सावकाश. मी आहे इथे. मला काही घाई नाही." आणि थोडी हसते. चिडवून नाही. स्वयंपाक करता करता हसावं तशी.

धाकट्या, त्या पोराला आईचा आवाज आठवत नव्हता. तो म्हणाला, चेहरा आठवायचा, पदर आठवायचा, आवाज नाही. इतक्या वर्षांनी तो त्याला पहिल्यांदा ऐकू आला तो भरल्या सभागृहात, लोक खिदळत असताना, दुसऱ्याच्या फोनमधून. आणि तो आवाज इतकी वर्षं तुझ्याकडे होता. तू तो एकट्याने ऐकत होतास. मग त्या आवाजाचा काय उपयोग करावा हे तुला सुचलं, तर तो लेखाखाली लावावा हे सुचलं. आपल्या मुलाला बोलावून शेजारी बसवावं आणि दोघांनी ऐकावं, हे सुचलं नाही. तुझ्या लेखात ती आहे का ते परत वाचून पाहिलं. नाही. 'मी रोज संध्याकाळी बसायचो.' तिच्या आवाजाच्या वर तू हे वाक्य ठेवलंस. मी देवाला मानणारा माणूस आहे, मनात आलेलं सगळं लिहू शकत नाही.

मी म्हटलं, मी तुझ्या बापाला आत्ता फोन करतो. तो नको म्हणाला. म्हणाला, "मी करतो. मला मागायचंय ते मी मागतो." ते मूळ रेकॉर्डिंग त्याला हवंय. जगाच्या बाजारातून काढलेलं आणि त्याच्या हातात दिलेलं. मी म्हटलं, गाण्यात सांग, तिथे तुझी जीभ अडत नाही. लहान होता तेव्हा माझ्या शिलाई मशीनच्या आवाजावरच तो पहिल्यांदा सलग बोलला होता, तू इथे नव्हतास. तर म्हणाला, "गाण्यात बेफाम बोलतो, काका. बाबांशी मला बोलायचंय."

तर येत्या रविवारी संध्याकाळी तो तुला फोन करील. तुला फक्त एक काम आहे, गप्प राहायचं. त्याला पहिला शब्द काढायला वेळ लागेल. तुला वाटेल फोन कट झाला. 'हॅलो, हॅलो' करू नकोस. तो अर्ध्यावर थांबला तर उरलेला शब्द त्याच्या तोंडात कोंबू नकोस. हात खाली ठेव.

दादा


२ मे

धाकट्या,

मी त्याच्या शेजारीच बसलो होतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

पोराने 'बाबा' म्हटलं. ते म्हणायला त्याला जो वेळ लागला त्यात तू तीनदा 'हॅलो' म्हणालास आणि एकदा 'रेंज नाही वाटतं' म्हणालास. मग त्याने दुसरा शब्द सुरू केला. तू म्हणालास, "काळजी वाटते, कळतंय मला." त्याला काळजी वाटत नव्हती. त्याने परत सुरू केलं. तू म्हणालास, "कार्यक्रम आहे का? पैसे पाठवू?" त्याने परत सुरू केलं. मग तू रडायला लागलास. रडता रडता तू तुझ्या एकटेपणाबद्दल बोललास, तुझ्या वडिलांबद्दल बोललास, म्हणजे आपल्या, आणि क्षमा मागितलीस, इतकी सविस्तर आणि इतकी सुंदर भाषेत की मला पुढचा लेखच दिसायला लागला. शेवटी म्हणालास, "बाळा, तू काही बोलू नकोस. मला सगळं समजलं."

आणि फोन ठेवलास. समाधानाने ठेवलास, आवाजावरून कळलं.

चिमण माझ्याकडे बघत होता. तुला सांगितलं तर खरं वाटणार नाही, तो हसला. मग फोन खिशात टाकला आणि म्हणाला, "काका, बाबा माझ्याहून जास्त अडकलेत." मला हसू आलं नाही. मी तिथून उठून देवापुढे जाऊन बसलो, आणि देवालाही त्या दिवशी माझं ऐकून घेण्यापलीकडे काही काम नव्हतं. मी तुझ्याबद्दल काय काय बोललो ते त्याला माहीत आहे. तोही मध्ये बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी तुझा लेख आला, 'एका फोनने मिटलेलं अंतर'. दातांचे डॉक्टर बाकडं न्यायला आले होते, त्यांनीच सांगितलं. "छान झालं हो, मिटलं सगळं," म्हणाले. मी त्यांना विचारलं, "रेकॉर्डिंग अजून आहे का बघा." त्यांनी फोनवर जुना लेख उघडून खालपर्यंत बघितलं. होतं. माणूस चांगला आहे, त्याचं तोंड पडलं. बाकड्यावर बसले आणि पहिल्यांदाच म्हणाले, "मग तो मुलगा काय म्हणाला फोनवर?" मी म्हटलं, "अजून काहीच नाही. म्हणायचाय."

त्या संध्याकाळी जेवताना चिमण म्हणाला, "मी जातो." मी विचारलं, कुठे? तुझ्या वहिनीने मला कोपराने ढोसलं. म्हणाली, "कुठे काय विचारता? बापाकडे." मी म्हटलं, मी येतो सोबत. तो नको म्हणाला. मी म्हटलं, अरे, मी बाहेर उभा राहीन. तो म्हणाला, "तुम्ही असलात तर बाबा तुमच्याशीच बोलतील." खरं आहे.

म्हणून हे पत्र टपालाने येत नाही. तो घेऊन येतोय. पाकीट मी चिकटवलं नाही, वाटेत त्याला वाचायचं असेल तर वाचो, गाणं करायचं असेल तर करो, माझा हक्क मी सोडला. डबा तुझ्या वहिनीने दिलाय. तो त्याचा आहे, त्यात हात घालू नकोस, तिने तसं बजावून सांगितलंय.

त्याला मी सांगितलंय की दार उघडलं की आधी काही बोलू नकोस, हे पत्र बाबाच्या हातात दे. कारण तू समोरच्या माणसाचं ऐकत नाहीस, पण लिहिलेलं शेवटपर्यंत वाचतोस. तेवढीच तुझी एक जागा मला सापडली आहे जिथे तू गप्प असतोस. आत्ता तू गप्प आहेस. असाच राहा.

तो काय मागायला आलाय ते तुला माहीत आहे. गेल्या पत्रात मीच लिहिलं. पण आता एक कर. 'मला माहीत आहे' म्हणून उठू नकोस. आत जाऊन रेकॉर्डिंग शोधून आणू नकोस. तेही त्याचं वाक्य मध्येच तोडणं होईल, आणि मग तुझ्या हातातली वस्तू त्याला मिळेल पण त्याचं बोलणं तसंच राहील. त्याला मागू दे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. तो थांबेल, डोळे मिटेल, मान खाली घालेल. त्याला मदत करावी असं तुला फार वाटेल. तीच तुझी खोड आहे. मदत करू नकोस. खुर्ची दे, आणि तूही बस.

माझा राग गेलेला नाही. तो मी राखून ठेवलाय, लागला तर पुन्हा पाठवीन.

एवढं वाचून झालं की पत्र बाजूला ठेव, वर बघ. तो सांगतोय.

दादा